गाळलेल्या जागा

पुंग्वे नदी जिथे समुद्राला मिळते
त्या बेइरा बंदरात, पहाटे चारला,
झेफानियास सिमांगो मोजणीच्या होडीत चढतो.
थर्मासात चहा, खिशात भाजलेले शेंगदाणे
आणि परवाचा नकाशा,
जो काल संध्याकाळीच खोटा ठरलाय.

यंत्र तळाकडे एक टिचकी पाठवतं.
टिचकी आपटून परत येते,
कागदावर काळी रेघ सरकते.
आठ वीस. सात नव्वद.
पाचव्या बोयापाशी सहा पस्तीस.
मंगळवारी इथे आठ मीटर होतं.

सुकाणूवरचा आदेलिनो म्हणतो,
"रात्री कुणीतरी येऊन गेलं."
शेजारी चोरी झाल्यावर म्हणतात, तसंच.
फक्त इथे काही नेलेलं नसतं.
आणून ठेवलेलं असतं.

गाळ उपसणारं जहाज दिवसभर घरघरतं,
पोट फुगेस्तोवर गिळतं,
लांब समुद्रात जाऊन ओकतं.
भरती त्यातला निम्मा उचलून
परत दारात आणून टाकते,
विसरलेली छत्री पोचवावी इतक्या आपुलकीने.

शाळेत आम्हाला एक प्रश्न हमखास असायचा:
गाळलेल्या जागा भरा.
ही नदी तेवढा एकच प्रश्न सोडवत बसलीय,
रोज, खाडाखोड न करता,
आणि तिला कुणी मार्क देत नाही.

बंदराच्या कचेरीत
नव्या धक्क्याचं चित्र टांगलंय.
चित्रात चार क्रेन आहेत, पाणी निळं आहे.
निळं पाणी इथे कुणीच पाहिलेलं नाही,
झेफानियासच्या आईनेही नाही,
आणि तिची सत्तर वर्षं याच काठावर गेली.

ती, फिनेझा, ओहोटीला
गुडघाभर चिखलात शिंपल्या वेचते
त्या नव्या उंचवट्यावर,
जिथून चार वर्षांपूर्वी गव्हाची जहाजं जायची.
आता बायका जातात, टोपल्या घेऊन.
त्यांनी त्याचं नावही ठेवलंय:
इंजिनियरसाहेबांची जमीन.
साहेब दर पावसाळ्याआधी म्हणायचे,
यंदा इथे काही साचणार नाही.
साहेबांची बदली झाली, जमीन राहिली.
"तुझा पगार चिखल काढण्याचा," आई म्हणते,
"माझं पोट चिखलावर. सांभाळून काढ."

मार्चमध्ये बाटलीतला नमुना लाल येतो.
झेफानियास तो चिमटीत चोळतो.
बारीक, साबणासारखा, मध्येच अभ्रकाची चमक.
त्याला ठाऊक आहे हा डोंगर कुठला.
वर मानिकात, ओढ्याच्या काठी,
त्याचा धाकटा भाऊ इझिद्रो
दोन वर्षांपासून सोनं धुतोय.
एका घमेल्यात कण दिसला तर दिसला,
बाकीचं सगळं पाण्यात सोडून द्यायचं.
ऑक्टोबरपासून त्याचा फोन नाही.
माती मात्र न चुकता येते.

ती लाल दिसली की झेफानियासला बरं वाटतं.
म्हणजे हात चालू आहेत.
मग लगेच लाज वाटते,
कारण बाहेर तीन जहाजं नांगर टाकून उभी आहेत
आणि दिवसाच्या भाड्याचे आकडे
कचेरीतल्या फळ्यावर खडूने वाढताहेत.

नमुन्याच्या फॉर्मवर रकाने असतात:
तारीख, बोया, खोली, रंग, कणांचा आकार.
शेवटचा रकाना, उगम.
बाकीचे तो नीट अक्षरात भरतो.
हा एक तसाच ठेवतो.
वरिष्ठांनी कधी विचारलं नाही.
विचारलं तर म्हणेन, नदी.

सूर्य वर आलाय. चहा निवला.
वायरलेसवर वाटाड्याचा आवाज खरखरतो:
"पाचव्या बोयाला किती?"
"सहा पस्तीस."
पलीकडे जरा शांतता, मग एक शिवी,
कुणाला दिली ते कळत नाही.
"थांबा," झेफानियास म्हणतो.
"साडेदहाला भरती आहे."